पोटखराब्याचा सातबारा

पाच वर्षांनी गावी आलो होतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एसटीतून उतरलो, बॅग खाली ठेवली, तर समोर गुरुजी. चटकन वाकलो. पण माझा हात त्यांच्या पायांशी पोचायच्या आत गुरुजीच माझ्या पायांशी वाकले होते. भर स्टँडवर, चार माणसांदेखत, शाळेत ज्यांच्या हातची छडी खाल्ली ते गुरुजी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पाय उचल,” गुरुजी म्हणाले. “विष्णुक्रांतावर उभा आहेस.”

मी पाय उचलला. बुटाखाली मातीला बिलगलेली वेल होती आणि तिच्यावर करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं. त्यातलं एक चपटं झालं होतं. गुरुजींनी ते अलगद उचललं, वहीच्या पानात ठेवलं, वही मिटली आणि मग विचारलं, “कधी आलास?”

गावात त्यांना पालामास्तर म्हणतात. तोंडावर ‘गुर्जी’, पाठ वळली की ‘पालामास्तर’. त्यांना हे ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटत नाही. उलट एकदा म्हणाले होते, “चांगलं नाव आहे. नुसतं मास्तर म्हणाले असते तर गावात सतरा मास्तर आहेत.”

अंगात पांढरा लेंगा आणि शर्ट. लेंग्याला दोन्ही गुडघ्यांवर हिरवे डाग, जे कुठल्याच साबणानं जात नाहीत. खांद्याला शबनम. तिच्यात पेन्सिली, कॅमलच्या रंगांची पेटी, भिंग, सहा इंची पट्टी आणि पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी ब्रश धुण्यासाठी असतं. एका पाहुण्यानं ते चुकून प्यायलं, तेव्हा गुरुजी कळवळून म्हणाले होते, “अहो, आता मी टाकळा कशानं रंगवू?” हातात छत्री असते, पण ती स्वतःच्या डोक्यावर धरलेली कुणी पाहिली नाही. ज्याचं चित्र चाललेलं असतं, त्याच्यावर ती धरलेली असते. पाऊस आला तर आघाडा कोरडा राहतो आणि गुरुजी भिजतात.

हे वेड शाळेतच लागलं, आणि त्याला आमचा वर्ग जबाबदार आहे. चित्रकलेचा तास होता. विषय दिला होता ‘माझ्या घराजवळचं झाड’. आम्ही सगळ्यांनी मनापासून चित्रं काढली. गुरुजी वह्या तपासायला बसले, तर पहिल्या वहीत नारळ. दुसऱ्या वहीत नारळ, मागं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी. तिसऱ्या वहीत दोन नारळ. माझ्या वहीत नारळ तिरका होता, एवढीच माझी प्रतिभा. तुळजापूर तालुक्यातल्या या माळरानावर, जिथं होडी म्हटली की गणपती विसर्जन आठवावं, तिथं सबंध वर्ग कोकणात राहत होता. एकाच पोरानं बाभूळ काढली होती. काटे मोजून काढले होते. ते पोरगं शाळेपेक्षा शेळ्यांमागं जास्त असायचं, आणि एलिमेंटरी परीक्षेला बसायला त्याच्याकडं रंगपेटी नव्हती. गुरुजींनी स्वतःची पेटी त्याला दिली आणि आम्हाला म्हणाले, “तुम्हाला मी आजवर काय शिकवलं रे?”

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी एक पुस्तक करायला घेतलं. आमच्या अणदूर शिवारातल्या झाडाझुडपांचं, पाखरांचं, किड्यामुंग्यांचं सचित्र पुस्तक. शेतात नेता येईल, खिशात मावेल असं. ते अजून चालू आहे. खिशात मावेल ही अट तेवढी मागं पडली आहे. मागच्या खेपेला पाहिलं, तेव्हा वह्या लोखंडी पेटीत मावत नव्हत्या.

लोक विचारतात, यापेक्षा मोबाइलवर फोटो काढले तर? अणदूरच्या हाटेलात हा प्रश्न गुरुजींना विचारायचा म्हणजे विचारणाऱ्यानं चहाचे पैसे द्यायची तयारी ठेवायची, कारण उत्तराला दोन चहा लागतात. “फोटोत एक दिवस मावतो,” ते म्हणतात. “चित्रात वर्ष मावतं. तरवडाचं पिवळं फूल, चपटी शेंग, शेंगेतलं बी आणि कातडी कमवायला वापरतात ती साल, हे सगळं एका पानावर शेजारीशेजारी बसवता येतं. फोटोवाल्याला त्यासाठी पुन्हा पुन्हा माळावर जावं लागेल, आणि तुम्ही लोक तर लग्नाच्या फोटोलासुद्धा एकदाच उभे राहता.” मग ते अमेरिकेच्या रॉजर टोरी पीटरसनवर येतात. या माणसानं 1934 साली पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि चित्रांवर बारीक रेघा मारून दाखवलं, की ओळखायची खूण इथं बघा. गुरुजींच्या चित्रांवरही तशाच रेघा असतात. वेड्या राघूच्या शेपटीतून बाहेर आलेल्या दोन तारांना एक रेघ, टिटवीच्या डोळ्यापुढच्या लाल मांसल पट्टीला एक. एकदा पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी नवरदेवाकडं बघून हवेत अशीच रेघ मारली आणि मला म्हणाले, “डाव्या भुवईवर तीळ आहे. गर्दीत ओळखायला बरं.”

रंगांची त्यांची अडचण मात्र खरी आहे. “माझी हिरवी ट्यूब सहा वर्षं पुरते,” ते सांगतात, “आणि यलो ऑकर दर महिन्याला संपतो.” मराठवाड्याचा उन्हाळा रंगवायचा म्हणजे दुसरं काय होणार? धाविक नावाचं पाखरू आमच्या माळावर पळतं. त्याचा रंग इतका मातीचा, की गुरुजींनी काढलेल्या चित्रात त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, चार दिवस पाखरू सापडलंच नाही. त्या म्हणाल्या, “अवो, नुसती माती कशाला रंगवलाव?” गुरुजींना आजवर मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

काकूंचा उल्लेख आलाच आहे तर त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. वनस्पतीचा नमुना वर्तमानपत्रात घालून वजनाखाली वाळवावा लागतो. घरात वजन म्हणजे जातं, पाटा आणि पाहुणे. जातं-पाटा भरला की उरलेले नमुने गाद्यांखाली जातात. मोठे जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा मध्यरात्री ओरडत उठले. गादीखाली सराटा वाळत होता. गुरुजींनी जावयांची विचारपूस करायच्या आधी सराट्याची केली. तेव्हापासून जावई आले की काकू आधी गाद्या झटकतात आणि मग ओवाळतात.

गुरुजींचं दुसरं दुखणं नावांचं. एका झाडाला एकच नाव असतं असं मानणारा माणूस आमच्या भागात टिकत नाही. टाकळ्याचंच बघा. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवतो, कोवळ्या पानांची भाजी होते. हाटेलात गुरुजींनी फांदी टेबलावर ठेवली. “तरोटा,” एकजण म्हणाला. साताऱ्याकडून सून आणलेला दुसरा म्हणाला, “आमची सूनबाई टाकळा म्हणती.” आळंदकडून आलेला कानडी ट्रकवाला म्हणाला, “तगचे.” सायकल दुकानातले चाचा म्हणाले, “चकवड.” वाद वाढला. गुरुजींनी चारही नावं लिहून घेतली, प्रत्येकापुढं सांगणाऱ्याचं गाव लिहिलं, आणि पानावर चित्राला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी नवं पान. सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी 2002 साली ‘पक्षीकोश’ काढला, त्यात पाखरांची अशी गावोगावची नावं जमवली. गुरुजी तो ग्रंथ देवघरात ठेवतात. 2025 च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्या दिवशी गुरुजींनी एकही चित्र काढलं नाही. नुसते लिंबाखाली बसून राहिले.

लिंब म्हणजे पुण्यामुंबईचा कडुनिंब. त्यावर गुरुजींचं एक आवडतं व्याख्यान आहे. कडुनिंबाच्या शास्त्रीय नावातला ‘अझाडिरॅक्टा’ हा अवघड शब्द ऐकून पोरं घाबरतात. गुरुजी सांगतात, तो साहेबाचा नाहीच. तो फारसी ‘आझाद दरख्त’. निजामाच्या मुलखात 1948 पर्यंत दिवस काढलेल्या आपल्या आज्यांना तो पुस्तक न उघडता कळला असता. मग अडुळशावर येतात. शास्त्रीय नावातला ‘अधातोडा’ तमिळमधून आला. ‘आडु’ म्हणजे शेळी, आणि शेळी ज्याला शिवत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ सांगतात. “आणि तपासून बघायला आपल्याकडं उस्मानाबादी शेळी आहे,” गुरुजी अभिमानानं म्हणतात. “जगातली तज्ज्ञ.”

शेळीला तज्ज्ञ म्हणणं हे नुसतं बोलणं नव्हे. त्यांच्या प्रत्येक पानावर एक रकाना असतो: ‘शेळी खाते / खात नाही / नाइलाजानं खाते’. हा रकाना भरायला ते काळ्या शेळ्यांच्या कळपामागं मैलोन्‌मैल फिरतात. एकदा तासभर खपून काढलेल्या कुरडूच्या चित्रासमोर मूळ कुरडू एका शेळीनं खाऊन टाकला. चित्र अर्धं राहिलं होतं. शेळीमालक माफी मागायला लागला, तर गुरुजी घड्याळ बघत लिहीत होते: ‘आवडीनं खाते. वेळ अर्धा मिनिट.’

टाकळ्याची गोष्ट अजून संपली नाही. रात्री त्याची पानं मिटतात. आता झोपलेल्या टाकळ्याचं चित्र काढायचं, तर रात्री जायला हवं. गुरुजी बॅटरी घेऊन गेले आणि एकाच्या बांधावर गुडघे टेकून बसले. मराठवाड्यात रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या बांधावर वाकलेला माणूस फक्त एकच काम करत असतो. शेतमालक काठी घेऊन धावत आला, “कोन रं त्यो? बांध कोरतंय व्हय?” गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. झोपलीत.” शेतमालक आधी घाबरला. मग बॅटरीच्या उजेडात त्यानं आपल्याच बांधावरची मिटलेली पानं पाहिली. जन्मभर तो ती उपटत आला होता. थोडा वेळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “खरंच की वो. मग ही उठत्यात किती वाजता?”

पावसाळ्यात शेजारच्या नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. माणसं लांबून येतात, धबधब्याकडं पाठ करून सेल्फी काढतात. त्या गर्दीत आणखी एक माणूस धबधब्याकडं पाठ करून बसलेला असतो. गुरुजी तटाच्या दगडांतल्या फटींत उगवलेल्या शेवाळाचं चित्र काढत असतात. “धबधबा पुढच्या वर्षीही येईल,” ते म्हणतात. “हे उन्हानं उद्या जाईल.”

पुस्तक छापायचा एक प्रयत्न झाला होता. छापणाऱ्याचा धंदा लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचा. त्यानं वह्या चाळल्या आणि कळकळीनं सल्ला दिला, “गुर्जी, नुसती झाडं कोन बगतंय? कव्हरवर साहेबांचा फोटो घ्या. खाली टाकू, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.” पुढं नमुन्याचं पान आलं, तर पोपट निळा. “शाई तशीच येती,” तो म्हणाला. गुरुजींनी वह्या गोळा केल्या. तेव्हापासून ते म्हणतात, सतराव्या शतकात जे जमलं ते आपल्याला जमत नाही. 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड छापले गेले. मलबारच्या वनस्पतींची सातशेहून जास्त चित्रं. ते करवून घेणारा डच गव्हर्नर वान रीड, पण माहिती पुरवणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी वैद्य होते, आणि त्यांची नागरी अक्षरांतली साक्ष त्या ग्रंथात छापली आहे. “त्यांच्यामागं सबंध डच कंपनी होती,” गुरुजी म्हणतात, “आणि माझ्यामागं पेन्शन.”

आपल्या जिल्ह्याच्या वनस्पतींवर पुस्तक नाही असं मात्र त्यांच्यापुढं म्हणू नये. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी 1979 सालीच ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ लिहिलं आणि 1998 ला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’. गुरुजी पहिल्या पुस्तकाची कहाणी सांगतात आणि स्वतःच हसतात. पुस्तक आलं तेव्हा लातूर याच जिल्ह्यात होतं. 1982 साली लातूर वेगळं झालं. आता जिल्ह्याचं नाव धाराशिव. “कव्हरावरचा जिल्हा दोनदा बदलला. आतला तरवड तिथंच आहे, त्याच नावानं.” पण ती पुस्तकं इंग्रजीत, अभ्यासकांसाठी. शेळ्यांमागच्या पोराला त्यातलं पान उघडून दाखवता येत नाही. गुरुजींना दाखवायचंय ते त्याच पोराला.

कारण शिवार बदलतंय. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, बांधावर तणनाशक आलं, आणि माळ तर कागदोपत्री कधीचाच मेलेला आहे. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढं ‘पोटखराबा’ लिहितात. पीक येत नाही, म्हणून खराबा. गुरुजींचा आवाज एरवी चढत नाही. या शब्दाला चढतो. “चंडोल तिथं, धाविक तिथं, खोकड तिथं, पवना गवत तिथं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं, तो माळढोकही असल्याच माळाचा. आता तिथंसुद्धा तो दिसला तर बातमी होते. आणि आपण लिहितो काय, तर खराबा! मग मी त्याचाच सातबारा लिहितोय, समज. कोण राहतं, कधीपासून, कसतं काय.”

सरकारलाही हे सुचलं आहे, नाही असं नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावानं लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. ती बरीच वर्षं रेंगाळली. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि ती चुकली तर राज्यांना महिना दहा लाखांच्या भुर्दंडाची तंबी दिली. त्या धांदलीत एका गावची नोंदवही गुरुजींना तपासायला मिळाली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आमची सोयरीक आहे. नोंदवहीत खारफुटी होती. पुढच्या पानावर समुद्री कासव. गुरुजींनी लिहिणाऱ्याला शांतपणे विचारलं, “समुद्र कुठंय?” तो तितक्याच शांतपणे म्हणाला, “तलाव हाय की, गुर्जी.”

गुरुजी स्वतःच्या वह्यांत असली चूक होऊ देत नाहीत, आणि म्हणूनच वह्या संपत नाहीत. नवा किडा सापडला की त्याच्या मागच्या सगळ्या नोंदींचे नंबर खोडून पुढं सरकवायचे. वर्षात दोन गावी मुक्काम करणाऱ्या आमच्या खंडोबालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. पाखरांच्या यादीच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलंय: ‘खंडोबा. स्थानिक स्थलांतर करणारा. अणदूर सव्वादहा महिने, नळदुर्ग पावणेदोन.’ पुजाऱ्यांच्या कानावर गेलं तर काय, असं मी विचारलं. म्हणाले, “त्यांनीच तर तारखा सांगितल्या.”

मागच्या उन्हाळ्यात एकानं आपला माळ सपाट करायला जेसीबी आणला. तिथं एक पोरगं शेळ्या चारत होतं. ते जेसीबीच्या आडवं उभं राहिलं. “इथं टिटवीची अंडी हायती. चार.” ड्रायव्हर हसला. दगडांत दगडासारखी दिसणारी ती अंडी त्याला पोरानं बोट दाखवूनही दिसेनात. पोरगं हटेना. “एकेचाळीस नंबरची हाय ती,” ते म्हणालं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. “नंबर पडलाय?” “हां. वहीत. चित्र बी हाय.” आपल्याकडं ज्याला नंबर पडतो ते सरकारी असतं, आणि सरकारी वस्तूला धक्का लावून कोर्टाच्या खेपा कोण घालणार? ड्रायव्हरनं खाटेएवढी जागा सोडली आणि बाकीचा माळ सपाट केला. महिन्याभरात पिल्लं निघाली आणि चालती झाली.

माळ गेला तो गेलाच. गुरुजी तिकडं जाऊन खाटेएवढ्या जागेचंही चित्र काढून आले. पण त्या दिवसापासून त्यांनी नंबर बदलणं बंद केलं आहे. नवीन काही सापडलं तर शेवटाला जोडतात. एकेचाळीसला टिटवी कायमची.

तुम्ही कधी अणदूरला आलात, तर खंडोबाचं दर्शन घ्या. मुक्काम इकडं आहे की नळदुर्गला, तेवढं विचारून या. पालामास्तरांना भेटायचं असेल तर पत्ता विचारायची गरज नाही. रस्त्याकडेचा कुठलाही पाला हातात धरून स्टँडवर उभे राहा, ते आपणहून येतील. फक्त उभं राहण्याआधी पायाखाली बघा. आणि घरी मुक्कामाचा आग्रह झालाच, तर आधी गादी उचलून पाहा.